अकरा कलमांबाहेरचा गुन्हा

अँड्र्यू जॉन्सनवर ठेवलेल्या महाभियोगाच्या अकरा कलमांपैकी पहिल्या कलमावर मतदान कधी झालेच नाही. मे १८६८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने आधी शेवटचे, म्हणजे अकरावे कलम मतास टाकले. दहा दिवसांनी दुसरे आणि तिसरे घेतले. तिन्ही वेळा दोषी ३५, निर्दोष १९ असाच आकडा निघाला, तेव्हा न्यायासन बेमुदत तहकूब करून सगळे मोकळे झाले. ५४ सदस्यांच्या सभागृहात दोन तृतीयांश म्हणजे ३६ मते हवी होती. एका मताने अध्यक्ष वाचला ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण ज्या पहिल्या कलमावर बाकीचा बहुतेक डोलारा उभा होता, त्यालाच हात लावायला फिर्यादी पक्ष का धजला नाही, हा प्रश्न मला त्या एका मतापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्याचे सरळ उत्तर असे की, ते मतास टाकले असते तर इतर कलमांवर 'दोषी' म्हणणाऱ्यांपैकीही काही जण फुटले असते. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. जॉन्सनने देशाचे जे खरे नुकसान केले, ते आरोपपत्रात जवळजवळ आलेच नव्हते. ते आले नाही याचा दोष केवळ वकिली चुकीला देता येत नाही. ज्यांनी आरोपपत्र लिहिले, त्यांच्या पक्षालाच तो गुन्हा नाव घेऊन उच्चारणे परवडत नव्हते.

हा माणूस सत्तेपर्यंत पोहोचला कसा, यातच या घोटाळ्याचे मूळ आहे. २९ डिसेंबर १८०८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील राली येथे तो जन्मला. तो तीन वर्षांचा असताना बाप वारला. आई लोकांचे कपडे धुऊन आणि शिवून घर चालवी. दहाएक वर्षांचा असताना त्याला एका शिंप्याकडे कराराने बांधून घातले. १८२४ मध्ये तो आणि त्याचा भाऊ तिथून पळाले, तेव्हा मालकाने दहा डॉलरचे बक्षीस लावून वृत्तपत्रात जाहिरात दिली. पळालेल्या गुलामांसाठी छापत त्याच धर्तीची ती जाहिरात होती. जॉन्सनने शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. पूर्व टेनेसीतील ग्रीनव्हिल या डोंगराळ गावात त्याने शिवणकामाचे दुकान थाटले, १८२७ मध्ये एलायझा मॅकार्डलशी लग्न केले, आणि लिहिणे व हिशेब यांत हात बसला तो तिच्या मदतीने. तिथून पुढची चढण मात्र विलक्षण आहे. गावच्या मंडळाचा सदस्य, मग नगराध्यक्ष, मग राज्याच्या दोन्ही सभागृहांत, १८४३ पासून दहा वर्षे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात, दोनदा गव्हर्नर, आणि १८५७ मध्ये सिनेटर. लिंकनची गरिबी आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचवली, जॉन्सनची कोणी नाही. पण गरिबीचीच तुलना करायची तर जॉन्सन लिंकनच्याही खालून वर आला होता.

या चढणीने त्याला एक वैर दिले, ते दक्षिणेतल्या बड्या मळेमालकांचे. कापसावर आणि गुलामांवर गब्बर झालेली ही मंडळी गरीब गोऱ्या शेतकऱ्याला तुच्छ लेखतात, चांगली जमीन आणि सगळी पदे बळकावतात, असे तो आयुष्यभर बोलत राहिला. सरकारी जमीन कष्टकरी कुटुंबांना फुकट द्यावी, हे विधेयक त्याने वर्षानुवर्षे लावून धरले. दक्षिणेतल्या बहुतेक पुढाऱ्यांना ते नको होते, कारण त्यातून पश्चिमेत लहान शेतकऱ्यांची मुक्त राज्ये उभी राहिली असती. पण गुलामगिरीशी त्याचे वैर नव्हते. त्याने स्वतः गुलाम विकत घेतले होते आणि त्या पद्धतीचे समर्थनही केले होते. त्याचा राग मालकावर होता, आणि मालकाच्या सावलीत गुलामाचेही बरे चालते, चिरडला जातो तो गरीब गोरा, असे काहीसे उफराटे गणित त्याच्या डोक्यात पक्के होते. ही माझी कल्पना नव्हे. फेब्रुवारी १८६६ मध्ये फ्रेडरिक डग्लस कृष्णवर्णीयांचे शिष्टमंडळ घेऊन मताधिकार मागायला गेला, तेव्हा अध्यक्षाने त्याला हेच ऐकवले. दक्षिणेत गुलाम आणि धनी यांनी मिळून गरीब गोऱ्याला दाबून ठेवले, असे त्याचे म्हणणे होते.

आता १८६१ मध्ये काय झाले ते पाहा. एकामागून एक राज्ये फुटली आणि त्यांचे सिनेटर राजीनामे देऊन घरी गेले. फुटीर राज्यातून आलेला आणि तरीही जागा न सोडणारा सिनेटर एकच निघाला, अँड्र्यू जॉन्सन. उत्तरेत तो रातोरात वीरपुरुष ठरला. मार्च १८६२ मध्ये लिंकनने त्याला टेनेसीचा लष्करी गव्हर्नर केले. तिथे त्याने बंडखोरांना तुरुंगात घातले, नॅशव्हिलच्या प्रतिष्ठितांना घाम फोडला, १८६३ मध्ये स्वतःचे गुलाम मोकळे केले आणि १८६४ च्या शरदात तर कृष्णवर्णीयांच्या जमावापुढे, मी तुमचा मोझेस होईन, असे आश्वासन देऊन टाकले. त्याच वर्षी जूनमध्ये बाल्टिमोरला लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. पक्षाने त्या निवडणुकीपुरते 'नॅशनल युनियन' हे नाव घेतले होते, आणि मेनचा विद्यमान उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन बाजूला सारून टेनेसीचा हा डेमोक्रॅट लिंकनच्या जोडीला दिला. हिशेब साधा होता. देश एक आहे असे सांगायचे तर तिकिटावर दक्षिणेचा एक माणूस हवा. त्या माणसाची मते काय आहेत, ही चौकशी कोणी फार खोलवर केली नाही. मळेमालकांचा शत्रू तो गुलामांचा मित्र, असे रिपब्लिकनांनी धरून चालले, आणि पुढची चार वर्षे या एका गृहीताची किंमत मोजली गेली.

४ मार्च १८६५ रोजी शपथविधीला हा उपाध्यक्ष झिंगलेला आला. आजारातून उठला होता, अंगात त्राण यावे म्हणून व्हिस्की घेतली ती जास्त झाली, आणि सिनेटच्या भर सभेत आपल्या गरीब कुळाचे तुणतुणे वाजवत तो बरळत राहिला. लोक शरमले, पण घाबरले नाहीत. उपाध्यक्षाला विचारतो कोण! त्या दिवशीच्या गर्दीत लिंकनने जॉन्सनला आपल्याकडे बोट करून दाखवले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलेला तिटकारा डग्लसने टिपला आणि हा माणूस आमचा नव्हे असे मनाशी ठरवले, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले. सहा आठवड्यांनी, १५ एप्रिलच्या सकाळी लिंकनने प्राण सोडला आणि काही तासांत कर्कवुड हॉटेलात सरन्यायाधीश सॅमन चेस याने जॉन्सनला शपथ दिली. त्याच हॉटेलात त्याला मारायला नेमलेला माणूस आदल्या रात्री धीर सुटून दारू पीत बसला आणि निघून गेला होता. पक्षातल्या जहालांना लिंकनच्या हत्येचे दुःख होतेच, पण नवा अध्यक्ष बंडखोरांशी कडक वागेल याचे समाधानही त्यांनी लपवले नाही. ओहायोचा सिनेटर बेंजामिन वेड त्यांच्यात पुढे होता. तीन वर्षांनी जॉन्सन दोषी ठरला असता तर ज्याला अध्यक्षपद मिळणार होते, तो हाच वेड.

काँग्रेसचे अधिवेशन डिसेंबरपर्यंत नव्हते. त्या साडेसात महिन्यांत जॉन्सनने जे केले, त्यालाच मी त्याचा गुन्हा म्हणतो. २९ मे रोजी त्याने सरसकट माफीचा जाहीरनामा काढला. त्यातून चौदा वर्ग वगळले होते, आणि २० हजार डॉलरवर मालमत्ता असलेले बंडखोर त्यांत होते. बडे मळेमालक हेच त्याचे जुने वैरी, तेव्हा हे कलम त्याच्या स्वभावाला धरूनच होते. पण त्याला एक खिडकी ठेवली होती, अध्यक्षाकडे जातीने अर्ज करण्याची. ज्यांनी या शिंप्याला कधी दारात उभे केले नसते, ते लोक, त्यांच्या बायका, त्यांचे मुखत्यार व्हाइट हाउसच्या जिन्यात रांगा लावून उभे राहिले, आणि हजारोंनी माफ्या निघाल्या. मालकांना नाक घासायला लावण्यात त्याचे वैर विरून गेले असावे. माफीबरोबर जमीन परत मिळे, आणि इथे गोष्ट भावनेची राहत नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची सोडून दिलेली जमीन मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवली होती. सुमारे चाळीस हजार लोक चार लाख एकरांवर वसले होते, पेरणी करून बसले होते. जॉन्सनने ती जमीन माफी मिळालेल्या धन्यांना परत करण्याचा हुकूम दिला. मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याला ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावर जाऊन, भरल्या चर्चमध्ये, हे त्या लोकांना स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले.

बाकीचे ओघाने आले. अध्यक्षाने नेमलेल्या तात्पुरत्या गव्हर्नरांच्या देखरेखीखाली फक्त गोऱ्यांच्या मतांवर विधिमंडळे निवडून आली, आणि मिसिसिपी व साउथ कॅरोलायना यांनी 'काळ्यांसाठीचे कायदे' केले. वर्षाचा करार हातात नसेल तर भटका म्हणून अटक, दंड भरता आला नाही तर दंड भरणाऱ्या गोऱ्याकडे सक्तीची मजुरी, पोरांना 'उमेदवारी'च्या नावाखाली जुन्याच धन्याच्या ताब्यात देणे, असा त्यांचा मासला होता. स्वतः उमेदवारीच्या करारातून पळालेल्या माणसाला त्यात काही वावगे दिसले नाही. जॉर्जियाने तर फुटीर राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यालाच सिनेटवर निवडून पाठवले. डिसेंबरमध्ये भरलेल्या काँग्रेसने या कोणालाही सदनात पाऊल ठेवू दिले नाही.

इथून पुढचा झगडा म्हणजे जहाल रिपब्लिकन विरुद्ध अध्यक्ष, असे चित्र रंगवले जाते. ते फसवे आहे. १८६६ च्या आरंभी दोन विधेयके आली, एक मुक्त गुलामांच्या खात्याची मुदत आणि अधिकार वाढवणारे, दुसरे नागरी हक्कांचे. दोन्हींचा कर्ता इलिनॉयचा लायमन ट्रंबल हा मवाळ माणूस होता, अध्यक्षाशी बोलून चालणारा, आणि जॉन्सन सही करील अशी त्याची समजूत होती. जॉन्सनने दोन्हींवर नकाराधिकार वापरला. वर २२ फेब्रुवारीला व्हाइट हाउससमोरच्या जमावापुढे जहालांचे पुढारी थॅडियस स्टीव्हन्स आणि चार्ल्स सम्नर यांची नावे घेऊन त्यांना देशद्रोह्यांच्या रांगेत बसवले. नागरी हक्कांचा कायदा काँग्रेसने एप्रिलमध्ये नकाराधिकार मोडून मंजूर केला. अमेरिकेच्या इतिहासात एवढ्या मोठ्या कायद्याच्या बाबतीत हे प्रथमच घडत होते. पुढे ही सवयच झाली. जॉन्सनचे पंधरा नकाराधिकार मोडले गेले, आणि हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. मेमध्ये मेम्फिसला तीन दिवस कृष्णवर्णीयांची कत्तल चालली, जुलैच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सला. ऑगस्ट-सप्टेंबरात अध्यक्ष प्रचाराला निघाला, गावोगावी टवाळखोरांशी हमरीतुमरीवर आला, आणि न्यू ऑर्लिन्सच्या रक्तपाताचे खापर त्याने काँग्रेसवर फोडले. शरदात मतदारांनी त्याच्या विरोधकांना दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांशांहून अधिक जागा दिल्या. म्हणजे त्याने मवाळांना स्वतःच्या हाताने जहालांच्या गोटात ढकलले. तरीही ते तिथे मनापासून गेले नव्हते. १८६८ मध्ये 'निर्दोष' म्हणणाऱ्या सात रिपब्लिकनांत हाच ट्रंबल होता.

मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने दक्षिणेतल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग केले आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मत देऊन नवी संविधाने करायला लावली. हा पुनर्रचनेचा कायदा झाला, पण तो राबवायचा कोणी? सेनेच्या सरसेनापतीने, म्हणजे अध्यक्षाने. जॉन्सनने तो राबवू नये यासाठी जे करता येईल ते केले. त्याच्या महान्यायवाद्याने सेनाधिकाऱ्यांचे अधिकार इतके आखडून सांगितले की जुलैमध्ये काँग्रेसला खुलाशाचा आणखी एक कायदा करावा लागला. लुइझियाना-टेक्सासमध्ये कायदा कडकपणे राबवणारा शेरिडन ऑगस्टमध्ये हटवला गेला, कॅरोलायनांतला सिकल्स त्याच महिन्यात, जॉर्जिया-अलाबामाकडचा पोप वर्षअखेरीस. डिसेंबरच्या वार्षिक संदेशात तर अध्यक्षाने कृष्णवर्णीय वंश राज्य चालवायला इतर कोणत्याही वंशापेक्षा कमी लायक आहे असे लिहून दिले. कायद्याची अंमलबजावणी प्रामाणिकपणे करण्याची शपथ संविधानाने ज्याच्याकडून घेतली, तो एका अख्ख्या कायद्याला आतून पोखरत होता. महाभियोगाला याहून मोठे कारण कोणते?

आणि हेच कारण पुढे करून महाभियोग मांडला गेला होता, हे सहसा सांगितले जात नाही. नोव्हेंबर १८६७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने पाच विरुद्ध चार मतांनी शिफारस केली की अध्यक्षाने सत्ता बळकावून बंडखोरांच्या सोयीने देशाची घडी बसवली, सबब त्याच्यावर खटला भरावा. ७ डिसेंबरला मतदान झाले, ५७ बाजूने आणि १०८ विरोधात. विरोधातल्यांपैकी साठाहून अधिक रिपब्लिकन होते. त्यांचे उघड कारण कायद्याचे होते, की दंडसंहितेत बसेल असा गुन्हा दाखवा. पण मधल्या काळात दुसरे काही घडले होते. त्या शरदात ओहायो, कॅन्सस आणि मिनेसोटा या तीन उत्तरी राज्यांत कृष्णवर्णीयांना मत द्यावे का, यावर लोकांचा कौल घेतला गेला, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर 'नाही' असे आले. न्यू इंग्लंडमधली पाच राज्ये सोडली तर उत्तरेत काळ्या माणसाला गोऱ्याच्या बरोबरीने मत जवळजवळ कुठेच नव्हते. अशा वेळी, 'या अध्यक्षाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे हक्क मारले' असे म्हणत खटला उभा करायचा म्हणजे ओहायोच्या मतदाराने त्याच रात्री विचारले असते, मग आमच्याकडे त्यांना हे हक्क कधी देणार? पक्षाने हे उत्तर टाळायचे ठरवले होते. मे १८६८ मध्ये, सिनेटमधल्या दोन मतदानांच्या मधल्या आठवड्यात, शिकागोला रिपब्लिकनांनी जाहीरनामा केला. दक्षिणेत मताधिकाराचे रक्षण काँग्रेस करील, बाकी राज्यांत तो प्रश्न तिथल्या तिथल्या लोकांचा. आरोपपत्र इतके अरुंद का झाले, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

अरुंद वाट जॉन्सननेच काढून दिली. मार्च १८६७ च्या एका कायद्याने, सिनेटच्या संमतीने नेमलेला अधिकारी सिनेटच्या संमतीशिवाय काढता येणार नाही असे ठरवले होते. युद्धमंत्री एडविन स्टँटन मंत्रिमंडळात बसून काँग्रेसच्या बाजूने काम करी. गमतीचा भाग असा की, हा कायदा घटनाबाह्य आहे असे सांगणाऱ्यांत तेव्हा स्टँटनही होता, आणि नकाराधिकाराचा मजकूर तयार करायला त्याने हातभारही लावला होता. ऑगस्टमध्ये जॉन्सनने त्याला निलंबित केले आणि जनरल ग्रँटला तात्पुरते नेमले. जानेवारीत सिनेटने निलंबन नामंजूर केले, ग्रँटने खुर्ची सोडली, स्टँटन परत येऊन बसला. २१ फेब्रुवारीला जॉन्सनने त्याला सरळ काढून टाकले आणि लोरेंझो थॉमस या वयस्क अधिकाऱ्याला नेमले. स्टँटनने कचेरीचे दार आतून लावून घेतले आणि रात्रंदिवस तिथेच तळ ठोकला. थॉमसला दुसऱ्या दिवशी सकाळी अटक झाली, जामिनावर सुटून तो पुन्हा ताबा मागायला गेला, आणि दोघांनी मिळून व्हिस्कीचा घोट घेतला. या प्रहसनाच्या चौथ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. डिसेंबरात कचरलेले रिपब्लिकन झाडून सगळे बाजूने आले. आता हातात एक कायदा होता आणि तो मोडल्याची तारीख होती.

पण तो कायदाच डळमळीत निघाला. मंत्र्यांची मुदत, त्यांना ज्याने नेमले त्या अध्यक्षाची कारकीर्द अधिक एक महिना, असे त्यात लिहिले होते. स्टँटनला १८६२ मध्ये लिंकनने नेमले होते, जॉन्सनने कधीच नाही. बचावाचा वकील बेंजामिन कर्टिस याने दोन दिवसांच्या भाषणात या वाक्यावर नेमके बोट ठेवले. ड्रेड स्कॉट खटल्यात बहुमताविरुद्ध निकाल लिहिणारा हा न्यायाधीश गुलामगिरीचा पाठीराखा आहे असे त्याला कोणी म्हणू शकत नव्हते. ओहायोचा सिनेटर जॉन शर्मन याने हा कायदा होताना सभागृहात सांगितले होते की लिंकनने नेमलेल्या मंत्र्यांना याचे संरक्षण नाही, आणि ते शब्द आता त्याच्या गळ्यात आले. त्याने इतर कलमांवर 'दोषी' म्हटले, पण स्टँटनला काढण्याबद्दलच्या पहिल्या कलमावर म्हणणार नाही असे आधीच कळवले. म्हणून पहिले कलम तसेच राहिले. फिर्यादी पक्षातल्या बेंजामिन बटलरच्या हट्टाने घातलेले दहावे कलम अध्यक्षाच्या शिवराळ भाषणांबद्दल होते, त्यावरही कधी मत झाले नाही. मरणाला टेकलेल्या स्टीव्हन्सने अकराव्या कलमात सगळ्यांची मोट बांधली, आणि त्याच्या शेपटाला मात्र पुनर्रचनेच्या कायद्याची अंमलबजावणी रोखल्याचा उल्लेख आला. अकरा कलमांत खऱ्या गुन्ह्याला मिळालेली जागा एवढीच, आणि मतदानाला हेच कलम सर्वांत पुढे काढावे लागले.

यावर पहिला आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. सात रिपब्लिकनांनी पक्षाला झुगारून विवेकाला कौल दिला आणि अध्यक्षपद काँग्रेसच्या दावणीला बांधले जाण्यापासून वाचवले, असे तो सांगतो. कॅन्ससच्या एडमंड रॉसला तर जॉन केनेडीच्या १९५६ च्या पुस्तकाने हुतात्म्याच्या पंक्तीत बसवले. पण कागद वेगळे बोलतात. सुटकेनंतर काही आठवड्यांतच रॉस आपल्या माणसांसाठी अध्यक्षाकडे नेमणुका मागत होता. गरज पडली असती तर 'निर्दोष' म्हणायला आणखी काही सिनेटर तयार होते असे अनेक इतिहासकार मानतात, म्हणजे ते एक मत दिसते तितके एकाकी नव्हते. सातही जण राजकारणातून उठले हीही अर्धीच गोष्ट आहे. सिनेटवर कोणी परत निवडून आला नाही, पण मिसुरीचा हेंडरसन १८८४ च्या रिपब्लिकन अधिवेशनाचा अध्यक्ष होता. विवेक नव्हता असे मी म्हणत नाही. सातांपैकी ग्राइम्सला खटल्याच्या अखेरीस अर्धांगाचा झटका आला आणि मतासाठी त्याला उचलून आणावे लागले; फेसेंडन आणि ट्रंबल यांनी कायद्याची बाजू मनापासून तपासली होती. पण त्यांचा विवेकही समोर ठेवलेल्या कलमांपुरताच होता. कलम स्टँटनच्या खुर्चीचे असेल तर प्रामाणिक वकील खुर्चीचाच विचार करणार. शिवाय सौदाही होता. खटला चालू असतानाच, एप्रिलमध्ये, जॉन्सनने मवाळांना चालेल असा जनरल स्कोफील्ड युद्धमंत्रिपदासाठी सुचवला, आणि अध्यक्ष पुढे काही आततायीपणा करणार नाही अशी हमी पोहोचवली गेली. वेडची भीतीही खरी होती. उपाध्यक्ष नसल्याने सिनेटचा हंगामी सभापती अध्यक्ष झाला असता, आणि स्त्रियांना मत, चढी जकात, सैल चलन अशी वेडची मते पक्षातल्या सावकारी मंडळींना जॉन्सनपेक्षा जास्त धोक्याची वाटत. वेडने स्वतः 'दोषी' मत दिले याचा बोभाटा झाला. जॉन्सनचा जावई पॅटरसन टेनेसीचा सिनेटर म्हणून 'निर्दोष' म्हणाला, त्याचा तितका नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. संविधानात देशद्रोह, लाचखोरी आणि 'इतर मोठे गुन्हे व गैरवर्तने' असे शब्द आहेत. धोरण चुकले म्हणून अध्यक्षाला काढता येत नाही, आणि पुनर्रचनेचा सगळा वाद धोरणाचा होता. आपल्याकडे अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतीवरील महाभियोगाला 'संविधानाचा भंग' एवढे एकच कारण आहे, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. पण जॉन्सनच्या आधीची उदाहरणे काय सांगतात? १८०४ मध्ये न्यायाधीश पिकरिंग दारू आणि मनोविकार यांपायी काढला गेला, दंडसंहितेतल्या गुन्ह्यापायी नव्हे. १८६२ मध्ये टेनेसीचा न्यायाधीश हम्फ्रीज बंडखोरांना मिळाल्याबद्दल दोषी ठरला. त्याच्यावरच्या आरोपांत अँड्र्यू जॉन्सन नावाच्या गृहस्थाची मालमत्ता जप्त करवल्याचाही आरोप होता! हॅमिल्टनने तर १७८८ मध्येच लिहून ठेवले होते की महाभियोग हा सार्वजनिक विश्वासाच्या गैरवापराबद्दल असतो. आणि इथे मतभेद धोरणाचा उरलाच नव्हता. काँग्रेसने कायदा केला, नकाराधिकार मोडून केला, मतदारांनी त्या काँग्रेसला कौल दिला. त्यानंतर त्याची अंमलबजावणी मुद्दाम बिघडवणे म्हणजे शपथेचा भंग. हा आरोप सिद्ध करायला तारखा आणि हुकूम भरपूर होते.

मग तो आरोप ठेवून खटला जिंकला असता का? बहुधा नाही. ज्या पक्षाला शिकागोत आपल्या मतदाराशी खरे बोलवले नाही, त्याचे ३६ सिनेटर एवढ्या उघड आरोपावर एकत्र राहिले असते असे मला वाटत नाही. पण हरण्या-हरण्यात फरक असतो. खऱ्या आरोपावर हरले असते तर निदान वाद कशाचा होता हे नोंदीत राहिले असते. स्टँटनच्या खुर्चीवर हरल्यामुळे पुढच्या दोन पिढ्यांच्या इतिहासकारांना, एका सनदशीर अध्यक्षाला सूडबुद्धीच्या काँग्रेसने एका फालतू कायद्यावरून छळले, असे बिनदिक्कत लिहिता आले. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात त्याला जाता जाता अवैधही ठरवले, तेव्हा जॉन्सनची बाजू न्यायालयानेच उचलून धरली असे म्हणणे आणखी सोपे झाले. न्यायालयापुढे प्रश्न पोस्टमास्तरला काढण्याचा होता. एडिस्टो बेटावरच्या जमिनीचा, शेरिडनच्या बदलीचा कधी आलाच नाही.

खटल्याने काहीच साधले नाही असे मात्र नाही. ते तीन महिने अध्यक्ष हात आखडून होता. स्कोफील्ड मंत्री झाला, जूनमध्ये दक्षिणेतली सात राज्ये नव्या संविधानांसह परत घेतली गेली, जुलैमध्ये चौदावी घटनादुरुस्ती पक्की झाली, आणि नोव्हेंबरात ग्रँट निवडून आला. कागदावर काँग्रेस जिंकली होती. जमिनीवर चित्र निराळे होते. खटला चालू असतानाच जॉर्जियातील कोलंबसमध्ये जॉर्ज अ‍ॅशबर्न हा रिपब्लिकन पुढारी रात्री घरात घुसलेल्यांच्या गोळ्यांना बळी पडला, आणि जॉन्सनच्याच टेनेसीत उगवलेली कू क्लक्स क्लॅन त्या वर्षी दक्षिणभर पसरली. डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, जाता जाता जॉन्सनने उरल्यासुरल्या सर्व बंडखोरांना बिनशर्त माफी दिली. पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेही निग्रोंना दास्यातून सोडवल्याच्या कृतज्ञतेने. स्टीव्हन्स आणि सम्नर या कृतज्ञतेला पात्र होते यात शंका नाही. पण पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात असताना लुइझियानात मुक्त झालेल्यांना मतपेटीपर्यंत पोहोचायला पुन्हा सेनेचे संरक्षण लागत होते.

१८७५ च्या आरंभी टेनेसीच्या विधिमंडळाने जॉन्सनला पुन्हा सिनेटवर पाठवले. अध्यक्षपदानंतर सिनेटर झालेला तो आजवरचा एकटाच. ज्या सभागृहाने त्याला तोलले होते, तिथे मार्चच्या विशेष बैठकीत त्याने एकच मोठे भाषण केले, आणि विषय होता लुइझियाना. अध्यक्ष ग्रँटने तिथे फौज का पाठवली, असा त्याचा सवाल होता. ३१ जुलैला तो वारला. पुढच्या वर्षीची वादग्रस्त निवडणूक मिटवताना रिपब्लिकनांनी स्वतःच, एप्रिल १८७७ मध्ये, ती फौज बराकीत परत बोलावली.